नागपंचमी ते भाऊबीज: पॉट्स आणि एपीएसच्या तपासण्यांचे बारा आठवडे

हे लिहिणाऱ्या आम्ही दोघी. एक रक्त गोठण्याच्या चाचण्यांच्या टेबलावर रोज काम करते, दुसरी या सगळ्या तपासण्यांतून स्वतः गेली आहे. स्वतःबद्दल एवढंच पुरे. पुण्यात या तपासण्यांसाठी खुर्चीवर ताटकळत बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी जे कुणीतरी सांगायला हवं असतं, ते इथे लिहीत आहोत.

उभं राहिलं की छाती धडधडते, डोळ्यांसमोर अंधारी येते, गॅसजवळ पोळ्या करताना मध्येच खाली बसावं लागतं. ही तक्रार घेऊन माणूस एका डॉक्टरांकडे जातो. आधी कधीतरी पायात गुठळी झालेली असते, किंवा दोन-तीनदा गर्भ टिकलेला नसतो. ती फाइल दुसऱ्या डॉक्टरांकडे. कोथरूडहून जंगली महाराज रोडला जाणाऱ्या रिक्षात दोन्ही फायली एकाच मांडीवर असतात, पण टेबलावर एका वेळी एकच उघडते. आमचं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे: दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवून वाचल्या गेल्या पाहिजेत, आणि ते घडवून आणण्याचं काम बहुतेक वेळा पेशंटलाच करावं लागतं.

आधी दोन्ही आजार थोडक्यात. स्वायत्त मज्जासंस्था म्हणजे आपण न सांगता चालणारा कारभार: ठोके, रक्तदाब, घाम, पचन. झोपलेला माणूस उभा राहिला की अर्धा लिटरहून जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. ही यंत्रणा लगेच खालच्या रक्तवाहिन्या आवळते, ठोके थोडे वाढवते आणि मेंदूला रक्त पुरेल असं बघते. पॉट्समध्ये, म्हणजे पोस्चरल ऑर्थोस्टॅटिक टॅकिकार्डिया सिंड्रोममध्ये, ते आवळणं अपुरं पडतं, किंवा मुळात अंगातलं रक्ताचं प्रमाणच कमी असतं, किंवा उत्तेजित करणारी रसायनं गरजेपेक्षा जास्त सुटतात. परिणाम एकच, हृदय धावत सुटतं. एपीएस, म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, हा स्वयंप्रतिकार आजार. पेशींच्या आवरणातल्या फॉस्फोलिपिडला चिकटणाऱ्या प्रथिनांविरुद्ध शरीर अँटिबॉडी तयार करतं आणि शिरांत, धमन्यांत, गर्भारपणी वारेत गुठळ्या होऊ लागतात. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला ह्यूज सिंड्रोमही म्हणतात.

दोन्ही एकाच माणसात दिसतात, हे वैद्यकीय साहित्यात नोंदलं गेलेलं आहे. २०१४ मध्ये एपीएस आणि स्वायत्त मज्जासंस्थेचे विकार एकत्र असलेल्या १५ पेशंटची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांत पॉट्सच सर्वांत जास्त होता आणि लेखकांत स्वतः ह्यूज होते. २०१५ च्या दुसऱ्या एका नोंदीत पॉट्सच्या १०० पेशंटपैकी २० जणांना कुठला ना कुठला स्वयंप्रतिकार आजार आढळला, त्यात थायरॉइडचा हाशिमोटो सर्वांत पुढे. अँटिबॉडी थेट मज्जातंतूंना त्रास देतात की मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पाडतात, याचा निवाडा झालेला नाही. त्यामुळे 'तुमचा पॉट्स एपीएसमुळेच झाला' असं कुणी ठामपणे सांगितलं तर तेवढं ठाम होण्याजोगा पुरावा आज नाही. पण एकाच्या फाइलमध्ये दुसऱ्याच्या खुणा असतील तर तपासायलाच हव्यात, एवढा नक्कीच आहे.

सुरुवात घरी करता येते, आणि डॉक्टरांची वेळ घेण्याआधीच करावी. दंडाला बांधायचं डिजिटल बीपीचं यंत्र, घड्याळ, वही आणि शेजारी उभं राहणारं एक धडधाकट माणूस, एवढंच लागतं. सकाळी चहाच्या आधी १० मिनिटं शांत आडवं पडायचं. गप्पा नाहीत, मोबाइल नाही. शेवटच्या दोन मिनिटांत दोनदा बीपी आणि ठोके लिहायचे. मग उठून भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं, टाचा भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढे, म्हणजे वितेपेक्षा थोडं कमी. दर मिनिटाला ठोके आणि बीपी, अशी १० मिनिटं. या काळात पाय हलवायचे नाहीत. आपण बसची वाट बघताना नकळत या पायावरून त्या पायावर भार टाकतो. तेव्हा पोटऱ्या पंपासारखं काम करून रक्त वर ढकलतात, आणि तसं केलं तर चाचणी बिघडते.

समजा, वहीत असं दिसलं: झोपून ७२ ठोके, ११४/७४. पहिल्या मिनिटाला ९६. तिसऱ्याला १०५. पाचव्याला १११, बीपी ११२/७८. दहाव्याला ११८. बीपी जागच्या जागी आहे आणि ठोके ४६ ने वाढलेत. मोठ्या माणसात १० मिनिटांच्या आत ३० किंवा जास्त, १२ ते १९ वर्षांच्या मुलामुलींत ४० किंवा जास्त वाढ, ती टिकून राहिलेली, सोबत त्रास, तो निदान तीन महिन्यांपासून, आणि बीपी पडलेलं नाही, ही पॉट्सची व्याख्या. तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने घसरलं तर तो वेगळा विकार, त्याची कारणंही वेगळी शोधावी लागतात.

इथे चुका कुठे होतात? हात लोंबता ठेवला की बीपी जास्त दिसतं आणि खरी घसरण झाकली जाते. म्हणून हात टेबलावर किंवा शेजारच्या माणसाच्या हातावर, छातीच्या उंचीला हवा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गार पडलेल्या, निळसर बोटांवर भलतेच आकडे दाखवतो. त्यावर विश्वास न ठेवता मनगटावर ३० सेकंद मोजून दुप्पट करा. उलट्या-जुलाबांनंतर, तापात किंवा निर्जळी उपासाच्या दुसऱ्या दिवशी कुणाचीही नाडी धावेल, त्या दिवशीची नोंद कामाची नाही. तीन वेगवेगळ्या सकाळच्या नोंदी हव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही चाचणी एकट्याने कधीही करू नका. शहाबादी फरशीवर डोकं आपटणं एरवी एक टेंगूळ असतं, या गोळ्यांवर असताना ते मेंदूतला रक्तस्राव असू शकतो. डोळ्यांपुढे काळोख दाटू लागला की लगेच बसा आणि तेवढंच लिहा: 'सहाव्या मिनिटाला थांबवलं.' तीही नोंदच आहे.

त्याच १० मिनिटांत पायांकडेही बघून घ्या. पॉट्समध्ये उभं राहिल्यावर तळपाय आणि पोटऱ्या जांभळट लाल होतात आणि पाय वर करून झोपलं की काही मिनिटांत रंग उतरतो. एपीएसमध्ये दिसू शकणारी खूण वेगळी: मांड्या, पोटऱ्या, हात यांवर मासे धरायच्या जाळ्यासारखी निळसर नक्षी, तिचे वेढे तुटक-तुटक. ती झोपल्याने जात नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या गार सकाळी बऱ्याच गोऱ्या, सडपातळ माणसांच्या पायांवर अशी जाळी उमटते, ती ऊब मिळाल्यावर जाते. पांघरूण घेऊन अर्धा तास झाल्यावरही जी टिकून राहते, तिचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवावा.

हॉस्पिटलमधली टिल्ट टेबलची चाचणी ही याच घरगुती चाचणीची शिस्तशीर आवृत्ती. पट्ट्यांनी बांधून टेबल ६० ते ७० अंशांत उभं करतात, ईसीजी आणि बीपी सतत चालू असतं. काही तास उपाशी राहायला सांगतात. ठोके कमी करणाऱ्या गोळ्या आधी थांबवायच्या का, किती दिवस, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. रक्त पातळ करणारी गोळी या चाचणीसाठी थांबवायची नसते. सुई काढल्यावर कापूस नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरायचा, इतकंच.

आता रक्त. इथे आम्ही जरा जास्त वेळ थांबणार आहोत, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात आणि ते पेशंटला दिसत नाहीत.

एपीएससाठी तीन गोष्टी बघतात: ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन-वन. शेवटच्या दोन्ही आयजीजी आणि आयजीएम अशा दोन्ही प्रकारांत. तिन्ही एकाच वेळी मागवाव्यात. नुसतं अँटिकार्डिओलिपिन करून 'निगेटिव्ह आहे, एपीएस नाही' असं म्हणणं अर्धवट आहे, कारण गुठळीच्या धोक्याशी सगळ्यात घट्ट नातं ल्युपस अँटिकोॲग्युलंटचं आहे. आणि नेमकी तीच चाचणी सर्वांत नाजूक.

तिचं नावही दिशाभूल करणारं आहे. ती पॉझिटिव्ह येण्यासाठी ल्युपस, हा दुसरा स्वयंप्रतिकार आजार, असावा लागत नाही, आणि 'अँटिकोॲग्युलंट' म्हणजे रक्त न गोठू देणारं असलं तरी शरीरात ते नेमकं उलट वागतं. परीक्षानळीत रक्त गोठायला जो फॉस्फोलिपिडचा पृष्ठभाग लागतो तो अँटिबॉडी अडवून धरते, म्हणून नळीत रक्त उशिरा गोठतं. शरीरात तीच अँटिबॉडी रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि प्लेटलेट चेतवून गुठळी करते. एखाद्या ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत एपीटीटी (नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबलेलं दिसतं आणि घरी सांगितलं जातं की 'रक्त पातळ आहे, जपा'. प्रत्यक्षात त्या माणसाला गुठळीपासून जपायला हवं असतं. जुन्या फाइलमध्ये असा लांबलेला एपीटीटी, किंवा प्लेटलेट एक ते दीड लाखांच्या दरम्यान रेंगाळत असलेल्या दिसल्या, तर तो कागद वर काढून ठेवा.

तसाच दुसरा कागद व्हीडीआरएलचा. गर्भारपणात ही सिफिलिसची तपासणी सर्रास होते. तिच्या रसायनात कार्डिओलिपिन असतं, म्हणून एपीएसच्या अँटिबॉडीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. घरात त्यावरून काय काय बोललं जातं ते लिहायला नको. टीपीएचए ही पक्की चाचणी निगेटिव्ह आली की सिफिलिसचा प्रश्न मिटतो, पण प्रश्न तिथे संपवू नये. व्हीडीआरएल खोटी का आली, हे विचारावं.

ल्युपस अँटिकोॲग्युलंटची मुख्य चाचणी डीआरव्हीव्हीटी. यातला आर रसेल्स व्हायपरचा, म्हणजे आपल्याकडच्या घोणसचा. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकणारी, उसात आणि पालापाचोळ्यात सापडणारी तीच घोणस. तिच्या विषातला एक घटक रक्त गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट चेतवतो. ती चावते तेव्हा सगळे गोठवणारे घटक भसाभस खर्च होऊन उलट रक्त गोठेनासं होतं. म्हणून सर्पदंशात काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं गोठतंय का बघतात. लॅबमध्ये हेच विष अतिशय विरळ करून वापरतात. दहाव्या घटकापासून पुढे गोठायला फॉस्फोलिपिड लागतंच. त्याचं प्रमाण मुद्दाम कमी ठेवलं की अँटिबॉडी असलेल्या रक्तद्रवाला वेळ लागतो. ही पहिली पायरी. दुसरीत पेशंटचा आणि निरोगी माणसांचा रक्तद्रव निम्मा-निम्मा मिसळतात. एखादा घटक कमी असेल तर मिसळल्यावर वेळ सुधारते, अडवणारी अँटिबॉडी असेल तर सुधारत नाही. तिसरीत भरपूर फॉस्फोलिपिड घालतात, अँटिबॉडी तिथे गुंतून पडते आणि वेळ कमी होते. तिन्ही पायऱ्या रिपोर्टवर दिसल्या पाहिजेत. नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद स्वीकारू नका, आकडे मागा.

आता सॅम्पल. निळ्या बुचाची ट्यूब, आत ३.२ टक्के सायट्रेट, नऊ भाग रक्ताला एक भाग. ट्यूबवर एक बारीक रेघ असते, रक्त तिथपर्यंत आलंच पाहिजे. अर्धवट भरली तर सायट्रेटचं प्रमाण वाढतं आणि गोठायला खोटाच उशीर दिसतो. पंखवाली सुई वापरली तर तिच्या नळीतली हवा आधी ट्यूबमध्ये शिरते आणि ट्यूब कमी भरते, म्हणून आधी एक ट्यूब टाकून देण्यापुरती घ्यावी लागते. भरल्यावर ट्यूब तीन-चार वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची, घुसळायची नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाने 'दादा, रेघेपर्यंत भरली ना?' एवढं विचारलं तर कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी विचारा. रक्त काढताना चक्कर येणाऱ्यांनी आधीच सांगून आडवं पडून द्यावं. पॉट्समध्ये हे नेहमीचं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्यानंतरचे चार तास निर्णायक. रक्त साध्या खोलीच्या तापमानाला ठेवून चार तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावं लागतं, तेही दोनदा. एकदा फिरवून वरचा द्रव काढायचा, मग तो पुन्हा फिरवायचा, कारण द्रवात उरलेल्या प्लेटलेट म्हणजे आयतं फॉस्फोलिपिड. अँटिबॉडी त्यांच्यात अडकते आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. नंतर तो द्रव गोठवून दुसऱ्या शहरात पाठवायचा असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण गोठवून वितळवताना प्लेटलेट फुटतात. म्हणून ही एक चाचणी घरी बोलावून देऊ नका. बाकी सगळी रक्तं घरी घेतली तरी चालतील, पण सकाळी सातला धायरीत काढलेली निळी ट्यूब दुचाकीच्या डिकीत पाच घरं फिरून दुपारी लॅबमध्ये पोचणार असेल, तर तिच्यावर केलेला खर्च वाया. जिथे कोॲग्युलेशनचं मशीन आणि सेंट्रिफ्यूज त्याच इमारतीत आहे तिथे स्वतः जा आणि फोनवर आधी विचारा: 'दोनदा स्पिन करता का? चाचणी इथेच होते की बाहेर जाते?'

आणि कधी द्यायचं? अंगात ताप असताना नाही. सीआरपी (अंगातल्या दाहाचा आकडा) वाढलेलं असलं की एपीटीटीवर आधारलेली चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. शिवाय संसर्गाने या अँटिबॉडी काही काळापुरत्या उमटतात आणि विरून जातात. पावसाळ्यात पुण्यात डेंगी-चिकनगुनियाचे पेशंट घरोघरी असतात, त्यामुळे हे विशेष लक्षात ठेवावं. रक्त पातळ करणारं औषध सुरू होण्याच्या आधी सॅम्पल जावं, हे सर्वांत उत्तम. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोमवर असताना निकालाचा अर्थ लावणं कठीण, आणि रिव्हरोक्सॅबानसारख्या नव्या गोळ्यांनी तर डीआरव्हीव्हीटी सरळ खोटी पॉझिटिव्ह येते. पण ताजी गुठळी असेल तर चाचणीसाठी उपचार अडवू नका. आधी जीव. फॉर्मवर औषधाचं नाव आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते लिहा, आणि चाचणीसाठी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टूवर या औषधांचा परिणाम होत नाही, त्या औषध चालू असतानाही देता येतात.

एकदा पॉझिटिव्ह आलं म्हणजे एपीएस नव्हे. १२ आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह आलं पाहिजे. ८४ दिवस. तारीख विसरायची भीती असेल तर पंचांग कामाला येतं: नागपंचमीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत जवळजवळ तेवढेच दिवस भरतात. घोणसच्या विषावरची पहिली चाचणी नागपंचमीला दिली असेल तर दुसरी भाऊबीज उरकून द्यावी. लवकर देऊन उपयोग नाही, आठव्या आठवड्यातलं पॉझिटिव्ह मोजलं जात नाही. अँटिकार्डिओलिपिनचा आकडा ४० युनिटच्या वर असेल तर तो मध्यम, ८० च्या वर जास्त. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत नुसत्या आयजीएमला फार कमी वजन दिलं आहे. तेव्हा आयजीएम १८ आलं म्हणून रात्र-रात्र जागू नका. ते निकष संशोधनासाठी आहेत, तुमचा उपचार ठरवताना डॉक्टर गुठळीचा इतिहास, वय आणि बाकीचे धोके सगळं मिळून बघतात.

पहिल्या सॅम्पलबरोबरच सीबीसी, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच, सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनीन, लघवीतलं प्रथिन, सकाळचं कॉर्टिसोल आणि एएनए (स्वयंप्रतिकार आजारांची चाचणी) करून घ्यावं. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं इतकं नेहमीचं आहे की तेवढ्यानेही चक्कर आणि मुंग्या येऊ शकतात. परदेशी पाठवायच्या महागड्या रिसेप्टर-अँटिबॉडीच्या पॅनेलबद्दल मात्र सावध राहा. २०२२ मध्ये पॉट्सचे पेशंट आणि निरोगी माणसं यांची तुलना झाली तेव्हा नेहमीच्या पद्धतीने मोजलेल्या या अँटिबॉडींत दोघांत फरक दिसला नाही. ते पैसे फेरिटिन आणि चांगल्या बीपी यंत्रावर घालवा.

मधल्या १२ आठवड्यांत पॉट्सचा उपचार थांबवायचं कारण नाही, पण नेहमीचा सल्ला जसाच्या तसा उचलायचा नाही. पॉट्समध्ये दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी आणि १० ते १२ ग्रॅमपर्यंत मीठ सांगतात. एपीएस मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांनाही धरू शकतो आणि त्याने बीपी वाढतं. म्हणून क्रिएटिनीन, लघवीतलं प्रथिन आणि बीपी ठीक आहे असं डॉक्टरांनी बघितल्यावरच मीठ वाढवायचं. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे पाच-सहा ग्रॅम. पेलाभर ताकात पाव चमचा, वरणभातात थोडं जास्त, असं विभागून. एकदम घेतलं तर मळमळतं. डब्ल्यूएचओच्या सूत्राच्या, एक लिटरमध्ये घालायच्या ओआरएस पुडीत २.६ ग्रॅम मीठ असतं. दुकानातली गोड फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. सैंधवही मीठच, पण 'लो सोडियम' लिहिलेली पिशवी इथे उपयोगाची नाही.

घट्ट मोजे कमरेपर्यंतचे हवेत, गुडघ्यापर्यंतच्यांचा फायदा कमी. पण एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला असेल तर आधी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी), मग मोजे. व्यायाम आडवा: जमिनीवर पडून पाय उचलणं, मागे टेकून चालवायची सायकल, पोहणं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या हे ध्येय असू दे, सुरुवात नको. काही ठिकाणी पॉट्ससाठी वारंवार सलाइन देतात आणि त्यासाठी छातीत किंवा दंडात कायमची नळी बसवायचा विचार निघतो. अँटिबॉडी पॉझिटिव्ह असताना ती नळी म्हणजे गुठळीला आमंत्रण. हा निर्णय रक्ताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय होऊ देऊ नका.

औषधांची टक्कर बायकांच्या बाबतीत सर्वांत जास्त होते. पाळीच्या दिवसांत पॉट्स बळावतो, म्हणून इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सुचवली जाते. एपीएसमध्ये ती वर्ज्य. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी अंगावरून जास्त जातं, त्यासाठी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड लिहिलं जातं. गुठळीचा इतिहास असताना तेही धोक्याचं. जास्त गेल्याने लोह उतरतं, लोह उतरलं की नाडी आणखी धावते, आणि मग पॉट्सची गोळी वाढवली जाते. हे चक्र आम्ही पुन्हा पुन्हा बघितलं आहे. ते फेरिटिनपाशी तोडायचं असतं. पॉट्ससाठी दिलेली मिडोड्रीन घेतल्यावर चार तास आडवं पडू नये, झोपल्यावर बीपी चढतं, आणि रक्त पातळ असताना चढलेलं बीपी दुहेरी वाईट. पॉट्सच्याच फ्लुड्रोकॉर्टिसोनवर पोटॅशियम मोजत राहावं. मनासाठी म्हणून दिलेल्या एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्या वॉरफरिनबरोबर रक्तस्राव वाढवू शकतात. अंगदुखीला आयबुप्रोफेन नको.

गुठळी झालेल्या आणि तिन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्या पेशंटला वॉरफरिन गटातलीच गोळी देतात, आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं याचा आकडा) २ ते ३. रिव्हरोक्सॅबान सोयीची, रक्त तपासायला नको, म्हणून मागणाऱ्यांना हे माहीत असावं: अशाच पेशंटवर दोन्ही औषधांची तुलना करणारी चाचणी २०१८ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण रिव्हरोक्सॅबानच्या गटात जास्त घटना घडल्या. वॉरफरिनवर पालेभाजी बंद करायची नसते, दर आठवड्याला तेवढीच ठेवायची असते. श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, मग उपास सुटल्यावर रोज मेथी-पालक, असं केलं की आयएनआर आधी वर आणि मग खाली. मेट्रोनिडॅझोलसारखं अँटिबायोटिक सुरू झालं तर तीन-चार दिवसांत आयएनआर करा. बोट टोचून बघायचं घरगुती यंत्र एपीएसमध्ये फसवू शकतं, शिरेतून काढलेल्या रक्तावर विश्वास ठेवा. मूल हवं असेल तर दिवस राहण्याच्या आधी बोला, वॉरफरिन गर्भाला घातक आहे. त्याऐवजी हेपॅरिनची इंजेक्शनं आणि कमी डोसची ॲस्पिरिन देतात.

एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ हवी. पॉट्सची नाडी आडवं पडल्यावर उतरते. पाय उंच करून १० मिनिटं झोपूनही ठोके उतरत नाहीत, श्वास लागतो, छातीत टोचतं, एक पोटरी दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटरहून जास्त जाड झाली आहे, खोकल्यात रक्त आहे, तर 'हिला नेहमीच होतं असं' म्हणून पंखा लावून बसू नका. ती फुप्फुसातली गुठळी असू शकते. बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका डोळ्याचं दिसणं गेलं, तर तो पक्षाघात असू शकतो. १०८ ला फोन करा आणि दारात पोचताच पहिलं वाक्य हे म्हणा: 'हिला एपीएस आहे.' पॉट्स नंतर सांगा. पहिल्यांदा पॉट्स सांगितलं तर समोरच्या ज्युनिअर डॉक्टरांचं लक्ष धडधडीच्या त्या लेबलवरच अडकण्याची भीती असते. ऑपरेशन, दात काढणं किंवा मोठा संसर्ग यांच्या निमित्ताने रक्त पातळ करणारी गोळी अचानक बंद होणं, हा तसाच धोका. क्वचित अशा वेळी आठवड्याभरात अनेक अवयवांत गुठळ्या होतात. गोळी थांबवायची तर मधल्या काळात काय द्यायचं, हे कागदावर लिहून घ्या.

पर्समध्ये ठेवायचा तो कागद पोस्टकार्डाएवढा पुरतो. एका बाजूला: एपीएस, कुठल्या अँटिबॉडी, दोन्ही तारखा आणि आकडे, गुठळी कधी आणि कुठे, गोळीचं नाव, आयएनआरची मर्यादा, शेवटचा आयएनआर. दुसऱ्या बाजूला: पॉट्स, झोपून आणि दहाव्या मिनिटाला उभं राहून असलेले ठोके आणि बीपी, चालू गोळ्या, 'इस्ट्रोजेन नको, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड डॉक्टरांना विचारूनच', आणि दोन्ही डॉक्टरांचे फोन. दर आयएनआरनंतर शेवटचा आकडा पेन्सिलने बदलायचा. दोन झेरॉक्स काढून एक फ्रिजच्या दारावर, एक घरातल्या दुसऱ्या माणसाच्या पाकिटात.